वरदविनायकाचा नारळ आणि दहावीचं पुस्तक

राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण आनुवंशिकतेवर आहे. तिसऱ्या प्रकरणात प्रजनन येतं आणि त्याच ओघात, ज्या जोडप्यांना मूल होत नाही त्यांच्यासाठीचे आधुनिक उपाय येतात: आयव्हीएफ, सरोगसी, वीर्यपेढी. २०१८ साली आलेलं हे पुस्तक कर्जत, नेरळ, कशेळे, खोपोली, चौक अशा गावांतल्या शाळांपर्यंत पोचलं. कुठे शिक्षक ते पान सावकाश समजावून सांगतात, कुठे ‘घरी वाचा’ म्हणून पुढे जातात. समोर बसलेली मुलं पंधरा-सोळा वर्षांची असतात. त्यांच्यातल्या एखाद्याचा किंवा एखादीचा जन्म त्याच पानावरच्या उपचारानं झालेला असू शकतो. आई-बाबांना ते ठाऊक असतं, कदाचित आत्यालाही ठाऊक असतं. ज्याच्याबद्दल आहे त्यालाच तेवढं ठाऊक नसतं.

या लेखाचा विषय ती मुलं आणि त्यांची घरं हा आहे. आयव्हीएफवर मराठीत लिहिलं जातं ते बहुतेक जोडप्यांसाठी. कारणं, चाचण्या, खर्च, यशाची शक्यता, आणि शेवटी बाळाला कुशीत घेतलेल्या आईचा फोटो, तिथे लेख संपतो. ते बाळ मोठं होतं, आरशासमोर उभं राहून स्वतःच्या नाकाकडे बघू लागतं, बापाशी वाद घालू लागतं, त्याबद्दल क्वचितच कोणी लिहितं. कर्जत-खालापूरसारख्या, अर्ध्या गावाच्या आणि अर्ध्या शहराच्या पट्ट्यात तर हा विषय अजून ओठांवरही आलेला नाही.

खरं म्हणजे भारतात या उपचाराची गोष्ट या पट्ट्यापासून लोकलच्या अंतरावर सुरू झाली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात हर्षा चावडा जन्मली. देशातलं ते शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेलं पहिलं टेस्ट ट्यूब बेबी. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी हे काम केलं होतं. कर्जतहून दादरला उतरून चालत जाता येईल इतक्या जवळचं ते महापालिकेचं रुग्णालय, जिथे रायगडमधले पेशंट पिढ्यान्‌पिढ्या जात आले. हर्षाचं नाव पहिल्या दिवसापासून छापून आलं, त्यामुळे तिच्यापासून लपवण्यासारखं काही उरलंच नाही. पुढे तिचं लग्न झालं आणि मार्च २०१६ मध्ये, महाशिवरात्रीच्या दिवशी, तिला नैसर्गिकरीत्या राहिलेल्या गर्भातून मुलगा झाला. बाळंतपण केलं डॉ. हिंदुजा यांनीच.

हर्षाच्या जन्माच्या आठ वर्षं आधीची कोलकात्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, दुर्गापूजेच्या दिवसांत, तिथे एक मुलगी जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हा जन्म आयव्हीएफनं झाल्याचं जाहीर केलं. सरकारनं नेमलेल्या समितीनं दावा खोटा ठरवला, डॉक्टरांची बदली नेत्ररोगाच्या संस्थेत झाली आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. त्यांना न्याय मिळवून दिला तो डॉ. आनंद कुमार यांनी. १९९७ मध्ये मुखोपाध्यायांच्या नोंदी वाचून त्यांनी, पहिलेपणाचा मान आपल्याकडे आला असतानाही, तो मुखोपाध्यायांचा आहे असं लिहिलं. आपल्याकडच्या विज्ञानाच्या इतिहासात इतका मोठेपणा फार वेळा दिसलेला नाही. ‘दुर्गा’ या टोपणनावानं ओळखली गेलेली ती मुलगी, कनुप्रिया अगरवाल, २००३ मध्ये पंचविसाव्या वाढदिवसाच्या सुमारास स्वतःचं नाव घेऊन समोर आली. लोक काय म्हणतील या धास्तीनं तिच्या घरानं तोवर प्रसिद्धी टाळली होती. तिचं सगळं लहानपण आणि किशोरवय त्या शांततेत गेलं, आणि तिच्या डॉक्टरांच्या बाजूनं जी सर्वांत जिवंत साक्ष होती ती पंचवीस वर्षं पडद्याआड राहिली.

इंग्लंडमधल्या लुईस ब्राऊनच्या आई-वडिलांनी तिसरी वाट घेतली. २५ जुलै १९७८ रोजी जन्मलेली ही जगातली पहिली आयव्हीएफ मुलगी. ती चार वर्षांची असताना, शाळेत जाण्याआधी, आई-वडिलांनी तिला तिच्या जन्माची चित्रफीत दाखवली. शाळेत मुलं तिला विचारायची, तू त्या नळीत मावलीस कशी? प्रश्न बाळबोध होता, पण उत्तर द्यायला ती तयार होती, कारण तिला ते घरातून आधीच मिळालं होतं. तिची धाकटी बहीण नॅटली हिचा जन्मही याच पद्धतीनं झाला. १९९९ मध्ये ती आई झाली; आयव्हीएफनं जन्मलेल्यांपैकी आई होणारी ती पहिली.

कर्जत-खालापूरच्या घरांना आपल्या मुलाला जन्माची गोष्ट सांगता येत नाही असं नाही. उलट ती फार चांगली येते. खालापूर तालुक्यातल्या महडचा वरदविनायक अष्टविनायकांपैकी एक. मंदिर १७२५ साली रामजी महादेव बिवलकरांनी बांधलं. माघी चतुर्थीला इथे प्रसादाचा नारळ मिळाला आणि तो खाल्ला की पुत्रप्राप्ती होते अशी श्रद्धा आहे. (नारळ मुलगाच मागतो, याचा सल बोलून दाखवलेला बरा.) घाट चढून गेलं की कार्ल्याची एकवीरा, आगरी-कोळी घरांची आई, नवसाच्या मुलांचं जावळ काढायला इथल्या गावांतून गाड्या भरून लोक जातात. नवसाचं मूल मोठं होतं ते आपली गोष्ट ऐकत ऐकतच. किती वर्षं वाट पाहिली, कोणी काय टोमणे मारले, आजीनं काय नवस बोलला होता, तो फेडायला कोण कोण आलं होतं. ही गोष्ट पाहुण्यांसमोर सांगितली जाते, मुलाच्या देखत सांगितली जाते, आणि त्या मुलाला त्यातून एवढं नक्की कळतं की मी यांना हवा होतो.

उपचाराच्या गोष्टीत हे सगळं असतं. वाट पाहणं असतं, टोमणे असतात, दागिने गहाण पडतात, दहा-बारा दिवस रोजची इंजेक्शनं असतात. स्त्रीबीज बाहेर काढण्याआधी साधारण छत्तीस तास एक इंजेक्शन घड्याळ लावून घ्यावं लागतं; ते रात्री अकराला असेल तर अकरालाच. पनवेल, कल्याण किंवा ठाण्याच्या केंद्रात सकाळी सातला पोचायचं म्हणजे कर्जतहून पहाटेची गाडी, आणि पावसाळ्यात रुळांवर पाणी आलं तर जीव टांगणीला. गर्भ सोडल्यावर रक्ताच्या तपासणीपर्यंतचे दोन आठवडे. बहुतेक घरांनी नवसही केलेला असतो आणि उपचारही केलेला असतो. पुढे सांगताना नवस उरतो आणि उपचार गळतो. श्रद्धेबद्दल तक्रार करण्याचं कारण नाही. ज्या आईनं दोन्ही केलं तिनं दोन्ही सांगावं, एवढंच इथे म्हणायचं आहे.

इथे एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण गावातल्या बोलण्यात तो पार पुसला जातो. आयव्हीएफनं झालेल्या कितीतरी मुलांत स्त्रीबीज आईचंच असतं आणि शुक्राणू वडिलांचाच. फक्त त्यांचं मीलन प्रयोगशाळेत होतं. १९९२ मध्ये इक्सीचं तंत्र आलं, एकच शुक्राणू सुईनं थेट बीजात सोडण्याचं, आणि ज्या पुरुषांना पूर्वी दात्याशिवाय पर्याय नव्हता त्यांपैकी अनेकांना स्वतःचं मूल होऊ लागलं. इक्सीनं झालेल्या या मुलांच्या बाबतीत लपवण्यासारखं काय आहे? फक्त हे, की बाबांच्या तपासणीत काहीतरी कमी निघालं होतं. ते बाबांना बोचतं, मुलाला बोचण्याचं कारण नाही. दुसरा गट दात्याच्या बीजापासून झालेल्या मुलांचा. तिथे प्रश्न खरोखरच अवघड होतो, कारण मुलाच्या शरीराचा अर्धा वारसा घराबाहेरून आलेला असतो. तिसरा गट सरोगसीचा, जिथे नऊ महिने दुसऱ्या बाईनं वाढवलेलं असतं. मराठी प्रेक्षकांनी हा तिसरा प्रश्न समृद्धी पोरे यांच्या ‘मला आई व्हायचंय!’ या चित्रपटात पाहिला आहे. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे त्यावरून हिंदीत ‘मिमी’ निघाला. पण दोन्हीतलं मूल लहानगं आहे. ते सोळाचं झाल्यावर काय विचारील, हे पडद्यावर यायचं आहे.

या प्रश्नाचा सर्वांत धीरानं मागोवा घेतला तो केंब्रिजच्या सुसान गोलोम्बोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. २००० च्या सुमारास इंग्लंडमध्ये जन्मलेल्या मुलांची कुटुंबं त्यांनी निवडली: काही सरोगसीची, काही दात्याच्या स्त्रीबीजाची, काही दात्याच्या शुक्राणूंची, आणि तुलनेसाठी काही नैसर्गिक गर्भधारणेची. मुलं एक वर्षाची असल्यापासून वीस वर्षांची होईपर्यंत संशोधक पुन्हा पुन्हा त्यांच्या घरी गेले. विसाव्या वर्षाचा अहवाल २०२३ मध्ये आला, ६५ उपचाराची आणि ५२ नैसर्गिक गर्भधारणेची कुटुंबं घेऊन. मुलांच्या मानसिक आरोग्यात आणि आईशी असलेल्या नात्यात दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता. फरक दिसला तो दुसरीकडे. ज्यांना सात वर्षांच्या आत सांगितलं गेलं होतं, त्यांच्या घरातली नाती उशिरा कळलेल्यांपेक्षा चांगली होती. शुक्राणू दात्याच्या कुटुंबांतल्या मुलांनी घरात मोकळं बोलणं कमी असल्याचं सांगितलं. अशा घरांत गुपित राखण्याचं प्रमाणही जास्त असतं. म्हणजे मूल कसं झालं याचं ओझं फारसं नाही. ते त्याच्यापासून किती काळ दडवलं गेलं, याचं आहे.

इंग्लंडचे निष्कर्ष खोपोलीला जसेच्या तसे लागू होतील असं कोणी म्हणणार नाही. तिथे कुटुंब म्हणजे चारजण. इथे काका, आजी, देवघर आणि भाऊबंदकी. पण इथे गुपित टिकणं त्याहून कठीण आहे. उपचारासाठी पैसे कोणाकडून घेतले, सुट्टी कशासाठी मागितली, बाई तीन महिने माहेरी का होती, हे वाडीत चार घरांना माहीत असतं. आणि शेवटी ते मुलाला सांगतं कोण? भांडणात चुलत भाऊ, लग्नाच्या मांडवात कुणी लांबची मावशी, किंवा शाळेच्या ओळखपत्रावरचा रक्तगट. आई आणि वडील दोघांचाही रक्तगट ओ असेल तर मुलाचा जवळजवळ नेहमी ओच येतो, एवढं मुलाला कुठेही कळू शकतं. दाता निवडताना रक्तगट जुळवण्याची पद्धत आहे, म्हणून हा धक्का सगळ्यांना बसत नाही. पण जुळवाजुळवीवर आयुष्यभराचं नातं सोडून देणं धोक्याचं आहे. २००५ मध्ये बातमी आली, की एका पंधरा वर्षांच्या मुलानं गालाच्या आतला नमुना वंशावळ शोधणाऱ्या कंपनीला पाठवला, आडनावाचा धागा पकडला आणि आपला शुक्राणू दाता शोधून काढला. आज तशी चाचणी घरबसल्या मागवता येते.

किशोरवयात उपचाराच्या घरांत एक वेगळाच ताणही दिसतो, आणि त्याचा बीजाशी काही संबंध नाही. दहा-बारा वर्षांनी झालेलं मूल असतं, त्यामुळे आई-वडिलांचं वय पुढे गेलेलं असतं. मुलगी वयात येते तेव्हा आईची पाळी जायची वेळ आलेली असते. मुलगा कॉलेजला जातो तेव्हा बाप निवृत्तीच्या उंबरठ्यावर. शिवाय भीती. ज्या बाळासाठी इतकं सोसलं, त्याला कोथळीगडावर मित्रांबरोबर कसं सोडायचं? पावसाळ्यात कर्जत-खालापूरचे धबधबे मुंबईपर्यंतच्या पोरांना बोलावतात, दरवर्षी कोणी तरी बुडतं आणि प्रशासनाला बंदीचे आदेश काढावे लागतात. इथल्या कोणत्याही आईला ही धास्ती असते. पण जिचं एकुलतं एक मूल चौथ्या प्रयत्नाला राहिलं, तिची धास्ती मुलाला कळेनाशी होते. त्याला वाटतं, आपल्यावर विश्वास नाही. दारात उभं राहून लोकलनं कल्याणला जाणाऱ्या मुलाला पाठीमागचा इतिहास माहीत नसेल, तर आईचे दहा फोन ही त्याच्यासाठी नुसती कटकट असते. माहीत असेल तर कटकट थांबत नाही, पण निदान ती कशाची आहे हे समजतं.

जुळ्यांचं थोडं वेगळं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एका वेळी तीन गर्भांपर्यंत सोडता येत, त्यामुळे त्या काळात उपचारातून जुळी मुलं बरीच झाली. दोघांना एकमेकांचा आधार असतो, आणि कळलं तर एकदमच कळतं.

जमिनीचा विषय टाळून या तालुक्यांत कुटुंबाबद्दल लिहिता येत नाही. एक्स्प्रेस-वे आला, फार्महाऊसं आली, आणि भाताच्या शेताला जो भाव आला तो आजोबांच्या स्वप्नातही नव्हता. सातबाऱ्यावर वारस नोंद लावायची वेळ आली की ‘हा आपल्या रक्ताचा कुठे’ हे वाक्य निघू शकतं. कायदा इथे मुलाच्या बाजूनं खंबीर उभा आहे. सहाय्यक पुनरुत्पादन तंत्रज्ञान (नियमन) कायदा २०२१, जो २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला, स्पष्ट सांगतो की उपचारातून झालेलं मूल हे उपचार घेणाऱ्या जोडप्याचं जैविक अपत्य मानलं जाईल आणि नैसर्गिक अपत्याचे सगळे हक्क त्याला असतील. दात्याचा मुलावर कोणताही हक्क राहत नाही. त्याआधी जन्मलेल्यांच्या पाठीशी १८७२ च्या पुरावा कायद्यातलं कलम ११२ होतं: वैध लग्नात जन्मलेलं मूल औरसच. नव्या साक्ष अधिनियमातही ते कायम आहे. पुण्याच्या एका वैवाहिक खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये असंही बजावलं, की आई-बापांच्या भांडणात मुलाची डीएनए चाचणी सरसकट करायला सांगता येणार नाही. ज्याचा या भांडणात काही दोष नाही त्याच्या ओळखीशी खेळू नये. चुलत्यानं काहीही म्हटलं तरी शेतावर आपला हक्क आहे, हे मुलाला आई-बापांकडून कळलेलं असावं. सांगण्याला घाबरणारी घरं नेमकी या चिंतेनं गप्प बसतात, म्हणून हा तपशील इतका सविस्तर.

मग सांगायचं कसं? पुण्या-मुंबईतल्या दत्तक संस्थांनी याचा धडा कधीच घालून दिला आहे: लहानपणी, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. चार वर्षांच्या मुलाला प्रयोगशाळा कळत नाही, पण भातलावणी कळते. आपल्या राबातलं आवण, म्हणजे भाताची रोपं, कमी पडलं तर शेजाऱ्याकडून मूठभर आणतात, लावणी होते, आणि पुढचं पाणी, बेणणी, राखण आपणच करतो. एवढं सांगितलं तर त्याला पुढचे प्रश्न विचारायला जागा मिळते. ज्यांचं मूल आताच पंधराचं आहे त्यांनी उशीर झाला म्हणून गप्प राहू नये. मात्र दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर, भांडणाच्या भरात किंवा नातेवाइकांच्या गर्दीत नको. सुट्टीत, दोघांनी मिळून, आणि ‘आजवर का सांगितलं नाही’ याचं खरं उत्तर तयार ठेवून. मुलगा रागावेल, काही दिवस बोलणार नाही. त्याचा राग बहुधा दात्यावर नसतो; आपल्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं, या गोष्टीवर असतो. वडिलांचं धैर्य इथे सर्वांत जास्त लागतं, कारण मूल न होण्याचा ठपका वर्षानुवर्षं बाईनं उचललेला असतो आणि खरी गोष्ट सांगताना तो खाली ठेवावा लागतो.

महाराष्ट्रात दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी सरकारी रुग्णालयांतून ‘मैत्री’ क्लिनिक चालतात. तिथे पाळी, आहार, व्यसन, ताण यांवर समुपदेशन होतं. जन्माच्या गोष्टीचा विषय त्या यादीत यायला हवा, आणि दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांच्या प्रशिक्षणातही. ते पान शिकवताना वर्गात कोण बसलेलं असेल याची जाणीव असलेला शिक्षक ‘टेस्ट ट्यूब’वर हशा होऊ देणार नाही.

शेवटचा मुद्दा कागदपत्रांचा आहे आणि तो तातडीचा आहे. आज तेरा ते एकोणीस वर्षांची असलेली मुलं कायदा येण्याआधी जन्मलेली आहेत. त्यांच्या जन्माच्या वेळी होत्या त्या फक्त भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचना. दात्याचं नाव-पत्ता मुलाला मिळणार नाही, पण सज्ञान झाल्यावर त्यानं मागितली तर बाकी माहिती द्यावी, असं त्यांत म्हटलं होतं. स्वीडननं १९८५ पासून आणि ब्रिटननं एप्रिल २००५ नंतरच्या दात्यांसाठी ओळखही खुली केली. आपल्याकडे ती गुप्तच आहे. नव्या कायद्यानं केंद्रांवर आणि पेढ्यांवर किमान दहा वर्षं नोंदी जपून नंतर त्या राष्ट्रीय नोंदणीकडे सोपवण्याचं बंधन घातलं, एका दात्याचं बीज एकाच जोडप्याला देण्याची आणि स्त्रीबीज दात्रीला आयुष्यात एकदाच दान करण्याची मर्यादाही घातली. या व्यवस्थेत जन्मलेली पहिली मुलं २०४० मध्ये अठरा वर्षांची होतील. आज कर्जतच्या वर्गात बसलेल्या मुलामागे अशी व्यवस्था नाही. ज्या केंद्रात उपचार झाले ते बंद झालेलं, स्थलांतर झालेलं किंवा दुसऱ्या नावानं चालत असू शकतं. म्हणून आई-वडिलांनी जुनी फाइल शोधावी, केंद्राकडे लेखी अर्ज करून नोंदींची प्रत मागावी, दात्याचा रक्तगट, वय आणि तपासण्यांचे निकाल मिळतील तेवढे घ्यावेत, डॉक्टरांचं नाव आणि तारखा आपल्या अक्षरात लिहून ठेवाव्यात. पुढे कधी एखादा डॉक्टर त्या मुलाला विचारील, घरात कोणाला मधुमेह, कोणाला हृदयविकार, तेव्हा त्याला अर्धं उत्तर या कागदांतूनच द्यावं लागेल.